मागेल त्याला फोन

न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या कुणाही मराठी माणसानं आपलं फोनचं बिल शेवटपर्यंत वाचलं, तर करांच्या गर्दीत एक ओळ सापडते : ‘फेडरल युनिव्हर्सल सर्व्हिस चार्ज’. रक्कम किरकोळ असते, म्हणून सहसा कुणी तिकडे बघत नाही. कागदोपत्री हा कर नाही. एका देशव्यापी निधीत कंपनीला वर्गणी भरावी लागते आणि ती वर्गणी कंपनी अशा रीतीनं ग्राहकाकडून काढून घेते. थेंबाथेंबानं साठणारा हा निधी वर्षाला आठशे कोटी डॉलरांच्या घरात जातो. शाळा आणि ग्रंथालयांचं इंटरनेट, खेड्यातल्या दवाखान्यांच्या जोडण्या, गरीब घरांच्या बिलातली सवलत हे त्याचे वाटे आहेत. सगळ्यात मोठा वाटा मात्र डोंगरात, वाळवंटात आणि मैलोन्‌मैल पसरलेल्या कुरणांत तारा ओढणाऱ्या, टॉवर उभारणाऱ्या कंपन्यांना जातो.

एवढा पैसा वाटला जाणार म्हटल्यावर हात पुढे करणारे कमी नसणार. त्यातल्या कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं, यासाठी अमेरिकेनं १९९६च्या कायद्यात एक पात्रता घालून दिली. ती मिळवणाऱ्या कंपनीला ‘एलिजिबल टेलिकम्युनिकेशन्स कॅरियर’ म्हणतात. या धंद्यातली माणसं नुसतं ‘ईटीसी’ म्हणतात. बाहेरच्या जगाला ही अक्षरं अगदी अनोळखी आहेत. पण गेल्या तीस वर्षांत अमेरिकेच्या आडरानात कुणाच्या घरी फोन पोचला आणि कुणाच्या खिशात कोट्यवधी डॉलर गेले, याचा निम्मा इतिहास या तीन अक्षरांभोवती घडलेला आहे.

‘युनिव्हर्सल सर्व्हिस’ ही घोषणा जुनी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एटी अँड टी कंपनीचा अध्यक्ष थिओडोर व्हेल यानं ती लोकप्रिय केली. गरिबाघरी फोन जावा हा विचार तेव्हा त्याच्या डोक्यात नव्हता. बेलच्या मूळ पेटंटांची मुदत संपल्यावर गावोगाव दुसऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या आणि एका कंपनीच्या फोनवरून दुसरीच्या ग्राहकाशी बोलता येत नसे. पेढीवाले आणि डॉक्टर दोन-दोन फोन बाळगत. सगळे फोन एकाच जाळ्यात असावेत, आणि ते जाळं आमचं असावं, हा व्हेलचा मतलब. मक्तेदारीला त्यानं दिलेलं हे लोकहिताचं नाव पुढे खरोखरच लोकहिताचं धोरण बनलं. १९३४च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या पहिल्याच कलमात, देशातल्या सर्व लोकांना शक्य तितकी जलद, कार्यक्षम आणि वाजवी दरातली दळणवळण सेवा मिळावी, असं उद्दिष्ट लिहिलं गेलं आणि ते पाहण्यासाठी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, स्थापन झालं.

पुढची पन्नास वर्षं हे काम कुठल्याही निधीशिवाय चाललं. बेल सिस्टीम ही एकच मोठी कंपनी होती. लांब पल्ल्याचे कॉल महाग ठेवायचे आणि त्या कमाईतून घरगुती फोनचं भाडं स्वस्त ठेवायचं, असा तिचा हिशेब होता. न्यूयॉर्कहून शिकागोला बोलणारा व्यापारी नकळत दूरच्या एखाद्या खेड्यातल्या तारेचा खर्च उचलत होता. जिथे बेलसुद्धा जायला तयार नव्हती तिथे शेतकऱ्यांनी सहकारी फोन संस्था काढल्या, आणि १९४९ पासून ग्रामीण विद्युतीकरणाच्या सरकारी यंत्रणेकडून त्यांना स्वस्त दरानं दीर्घ मुदतीची कर्जं मिळू लागली. साखर कारखान्यांच्या सहकारावर वाढलेल्या वाचकाला याचं नवल वाटायचं कारण नाही. त्यातल्या अनेक संस्था आजही जिवंत आहेत, आणि ईटीसीच्या यादीत त्यांची नावं आहेत.

१ जानेवारी १९८४ रोजी बेल सिस्टीमचे तुकडे झाले. लांब पल्ल्याचा धंदा एकीकडे, गावातल्या तारा दुसरीकडे. आतल्या आत पैसे फिरवण्याची जुनी सोय मोडली. तात्पुरती डागडुजी झाली. १९८५ मध्ये, रेगन यांच्या कारकीर्दीत, गरीब ग्राहकांसाठी ‘लाइफलाइन’ ही सवलत आली. खरी मांडणी व्हायला मात्र ८ फेब्रुवारी १९९६ उजाडावा लागला. त्या दिवशी क्लिंटन यांनी सही केलेल्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टनं दोन परस्परविरोधी गोष्टी एकदम मागितल्या : फोनच्या धंद्यात स्पर्धा हवी, आणि खेड्यातल्या माणसाला शहरासारखी सेवा शहराच्या जवळपासच्या दरात मिळायला हवी. स्पर्धा आली की महाग कॉलमधून स्वस्त भाडं काढता येत नाही, कारण नवा स्पर्धक आधी तो महाग कॉलच स्वस्त करतो. म्हणून पूर्वी छुपं असलेलं अनुदान उघड करायचं, सगळ्या कंपन्यांकडून वर्गणी घ्यायची आणि ती पात्र कंपनीला द्यायची, असं ठरलं. ही कंपनी जुनीच असली पाहिजे असं नाही. नवीनही चालेल, तारेची चालेल, बिनतारी चालेल. फक्त तिनं ईटीसी व्हायला हवं.

ईटीसी होण्याची मूळ अट एका वाक्याची आहे. कंपनीनं स्वतःला नेमून मिळालेल्या संपूर्ण क्षेत्रात, ठरवून दिलेली सेवा, मागेल त्याला दिली पाहिजे. यातला ‘संपूर्ण’ हा शब्द सगळ्यात महाग. तालुक्याच्या गावी, हमरस्त्यालगत सेवा द्यायला कुणीही तयार असतं. रस्ता संपल्यावर आणखी सात मैलांवर एकटं घर असेल आणि तिथल्या म्हातारीनं फोन मागितला, तर ‘परवडत नाही’ म्हणायची मुभा ईटीसीला सहजासहजी नाही. अनुदान मिळतं ते या बांधिलकीच्या बदल्यात. निदान कायद्याची कल्पना तशी होती. प्रत्यक्षात कुठे काय बिनसलं ते पुढे येईलच.

दुसरी अट अशी की सेवा देण्यासाठी कंपनीची स्वतःची काही यंत्रणा हवी. दुसऱ्याच्या तारा घाऊक दरानं भाड्यानं घेऊन वर नुसता आपला शिक्का मारणाऱ्याला हे दार बंद. काही भाग स्वतःचा, काही भाड्याचा, असं मिश्रण चालतं. कारण साधं आहे. ज्या तारेसाठी मूळ कंपनीनं आधीच अनुदान घेतलं आहे, तिच्यावर भाडेकरूनंही अनुदान मागितलं तर एकाच तारेचे पैसे दोनदा जातात. तिसरी अट वाचून हसू येतं : जाहिरात केली पाहिजे. ही सेवा मिळते आणि तिचे दर अमुक आहेत, हे सर्वसाधारण लोकांपर्यंत पोचणाऱ्या माध्यमांतून सांगणं बंधनकारक आहे. कंपनीला जाहिरात करायला कायद्यानं भाग पाडावं लागतं, ही गोष्टच बरंच काही सांगून जाते. तोट्याचा ग्राहक आपणहून दारात आला तर सेवा द्यावी लागते. मग त्याला कळूच द्यायचं नाही, ही युक्ती कायदा लिहिणाऱ्यांनी आधीच ओळखली होती.

‘ठरवून दिलेली सेवा’ म्हणजे काय, हे एफसीसीनं मे १९९७ मध्ये सांगितलं. यादीत नऊ बाबी होत्या, आणि आज ती यादी एखाद्या जुन्या काळाच्या पंचनाम्यासारखी वाचता येते. बटणं दाबून नंबर फिरवता यावा. तातडीच्या मदतीच्या नंबरशी, ऑपरेटरशी, नंबर शोधून देणाऱ्या चौकशी सेवेशी जोडणी मिळावी. आणि लाइन एकाच घराची असावी, कारण एका तारेवर चार-पाच घरं जोडायची आणि शेजाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं, हा प्रकार अमेरिकेच्या खेड्यात तेव्हा पुरता संपलेला नव्हता. २०११ मध्ये ही नऊ कलमं गुंडाळून ‘आवाजी सेवा’ अशी एकच सुटसुटीत व्याख्या केली गेली. तारेनं पोचवा, हवेतून पोचवा, इंटरनेटवरून पोचवा, पण बोलता आलं पाहिजे आणि अडचणीत ९११ लागला पाहिजे. इंटरनेटसाठीच्या अनुदानाची पात्रता मिळवतानाही ही आवाजी सेवा द्यावी लागते, हे कायद्याच्या वयाचं लक्षण.

आता शिक्का कोण मारतं? हे काम कायद्यानं राज्यांच्या नियामक आयोगांकडे दिलं आहे. वीज, पाणी, फोन यांचे दर पाहणारे हेच आयोग. शहरी आणि मोठ्या कंपन्यांच्या क्षेत्रात अटी पूर्ण करणाऱ्या दुसऱ्या कंपनीलाही आयोगानं पात्र ठरवलंच पाहिजे. छोट्या ग्रामीण फोन कंपनीच्या क्षेत्रात मात्र आयोगाला नाही म्हणता येतं, आणि हो म्हणायचं तर ते लोकहिताचं आहे असा स्पष्ट निष्कर्ष काढावा लागतो. इंग्रजी कायद्यातल्या एका ‘करील’ आणि एका ‘करू शकेल’मधला हा फरक, त्यावर वकिलांच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या. जिथे राज्याच्या आयोगाचा अधिकारच चालत नाही, उदाहरणार्थ काही आदिवासी भूमीवर, किंवा ज्या राज्यांनी मोबाइल कंपन्यांवरचा अधिकार सोडून दिला तिथे, एफसीसी स्वतः निर्णय करते. ही तरतूद १९९७ मध्ये मागाहून जोडावी लागली.

पहिली मोठी लढाई साउथ डकोटात झाली. वेस्टर्न वायरलेस या मोबाइल कंपनीनं तिथे पात्रता मागितली. राज्याच्या आयोगानं ती नाकारली. म्हणणं असं की आधी सगळ्या क्षेत्रात सेवा देऊन दाखवा, मग या. वरवर हे रास्त वाटतं. पण जुन्या कंपनीनं आपल्या तारा अनुदानावरच ओढल्या होत्या, आणि नव्यानं मात्र त्या तोडीचं जाळं स्वतःच्या पैशानं आधी उभारायचं, त्यानंतर अनुदान मागायचं! २००० मध्ये एफसीसीनं जाहीर केलं की अशी अट म्हणजे नव्या कंपनीला दार बंद करणं होय. सेवा देण्याची क्षमता आणि पक्का इरादा दाखवला तर पुरे, आज प्रत्येक कोपऱ्यात सेवा असण्याची गरज नाही.

त्याच कंपनीनं त्याच राज्यात पाइन रिज या आदिवासी भूमीवर वेगळी वाट धरली. ओगलाला सू जमातीशी करार केला आणि २००१ मध्ये थेट एफसीसीकडून पात्रता मिळवली. देशातल्या अतिशय गरीब वस्त्यांपैकी ही एक. आदल्या वर्षी आदिवासी भूमीसाठी लाइफलाइनची वाढीव सवलत मंजूर झाली होती, दर महिन्याला पंचवीस डॉलरपर्यंत जास्तीची. तिच्यामुळे फोन अगदी नाममात्र पैशांत देणं शक्य झालं. ज्या घरांपर्यंत तांब्याची तार कधी आली नव्हती तिथे पहिला फोन बिनतारी आला. या सगळ्या व्यवस्थेची बाजू मांडायला एकच उदाहरण द्या असं कुणी म्हटलं, तर मी हेच देईन.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही, कारण ते नियमातच दडलेलं होतं. जुन्या कंपनीला अनुदान मिळे ते तिच्या प्रत्यक्ष खर्चावरून, आणि त्याला ग्राहकसंख्येनं भागून दर लाइनमागे एक आकडा निघे. नव्या स्पर्धक ईटीसीला किती द्यायचं? एफसीसीनं ठरवलं, दर लाइनमागे जेवढं जुन्याला तेवढंच नव्याला. नव्याचा खर्च किती, हे विचारायचंच नाही. तांब्याच्या तारांचा खर्च धरून काढलेला आकडा टॉवरवाल्याला मिळू लागला. त्यात मोबाइल म्हणजे घरटी एक नव्हे. आई, बाबा आणि दोन मुलं यांचे चार फोन म्हणजे चार लाइनी, चार वेळा अनुदान. पुढे तर आणखी अजब झालं. लोक घरचा तारेचा फोन बंद करू लागले, जुन्या कंपनीच्या लाइनी घटल्या, पण तिचा खर्च घटला नाही. त्यामुळे दर लाइनमागचा आकडा वाढला आणि तो वाढला म्हणून नव्या कंपनीचंही अनुदान वाढलं. प्रतिस्पर्ध्याचे ग्राहक पळवल्याबद्दल बक्षीस मिळावं, अशी ही योजना. २००१ मध्ये या स्पर्धक कंपन्यांचं एकूण अनुदान दोन कोटी डॉलरपेक्षा कमी होतं. २००७ पर्यंत ते शंभर कोटींच्या वर गेलं. कित्येक भागांत एकाच टापूत चार-चार मोबाइल कंपन्या अनुदान घेत होत्या. जिथे एकाच कंपनीला परवडत नाही म्हणून अनुदान द्यायचं, तिथे चौघांना पोसलं जात होतं.

याच काळात ‘संपूर्ण क्षेत्र’ या शब्दावरही झटापट झाली. आपल्याकडे खाजगी बस पुणे-मुंबई रस्त्यावर भरभरून धावतात आणि वेल्ह्याच्या खोऱ्यात रिकामी जाणारी गाडी एसटीनं सोडायची असते. फोनच्या क्षेत्रातही तसंच. छोट्या ग्रामीण कंपनीच्या क्षेत्रात एखादं दाट वस्तीचं गाव आणि भोवती विरळ पसरलेले डोंगर असतात. अनुदानाचा दर लाइनमागचा आकडा निघतो दोन्हींच्या सरासरीवरून. नव्या कंपनीनं फक्त गाव घेतलं तर खर्च गावाचा आणि अनुदान डोंगराचं, अशी मलई तिच्या हाती लागते. व्हर्जिनिया सेल्युलर या छोट्या मोबाइल कंपनीच्या प्रकरणात, जानेवारी २००४ मध्ये, एफसीसीनं ही गोष्ट नकाशावर वस्तीची घनता मांडून तपासली. बहुतेक भागात पात्रता दिली. पण एका ग्रामीण कंपनीच्या क्षेत्रातलं नेमकं दाट वस्तीचं वेन्सबोरो तेवढं वाट्याला येत होतं, तिथे नाही म्हटलं. कंपनीचा हेतू वाईट होता असं आयोगानं म्हटलं नाही. तिच्या परवान्याची हद्दच तशी होती. पण परिणाम तोच झाला असता.

मार्च २००५ मध्ये एफसीसीनं पात्रतेच्या अटी आणखी कडक केल्या. पाच वर्षांत जाळं कुठे आणि कसं सुधारणार याचा आराखडा द्या. वीज गेली, वादळ आलं तर सेवा चालू राहील याची तजवीज दाखवा. ग्राहकसंरक्षणाची आचारसंहिता पाळा. दरवर्षी हिशेब द्या, आणि सेवा नाकारलेल्या अर्जांची संख्याही कळवा. हे नियम एफसीसीपुढे येणाऱ्या अर्जांपुरते होते. राज्यांना फक्त शिफारस होती, काहींनी ती घेतली, काहींनी नाही. अनुदानाचा फुगा मात्र आराखड्यांनी फुटणारा नव्हता. मे २००८ मध्ये स्पर्धक कंपन्यांच्या एकूण रकमेवर मर्यादा घालावी लागली, आणि नोव्हेंबर २०११च्या मोठ्या सुधारणेत ‘जुन्याइतकंच नव्याला’ हा नियम रद्द झाला. जुन्या कंपन्यांवरही लगाम आला : अपवाद सोडता दर लाइनमागे महिन्याला अडीचशे डॉलरपेक्षा जास्त नाही. महिन्याला अडीचशे डॉलर ही ‘मर्यादा’ ठरवावी लागली यावरून तोवर काय चाललं असेल याची कल्पना करावी. हवाईतल्या मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनींवर सेवा देणाऱ्या सँडविच आयल्स कम्युनिकेशन्स या कंपनीनं अनेक वर्षं गैरमार्गानं अनुदान घेतल्याचा ठपका एफसीसीनं २०१६ मध्ये ठेवला आणि दोन कोटी सत्तर लाख डॉलर परत मागितले. ती ईटीसी होती. दरवर्षीची प्रमाणपत्रंही वेळच्या वेळी जात होती.

माझ्या मते इथेच या व्यवस्थेचं दुखणं कळतं. पात्रता ही एक बांधिलकी म्हणून रचली होती. पैसा मात्र मोजला गेला लाइनींवर आणि खर्चाच्या कागदांवर. जे मोजलं जातं तेच वाढतं. लाइनी वाढल्या, कागद वाढले. आडरानातलं सात मैलांवरचं घर कुणी मोजत नव्हतं.

लाइफलाइनच्या बाबतीत तर यंत्रणेची अटच बाजूला ठेवावी लागली. ट्रॅकफोन ही कंपनी दुसऱ्यांची सेवा घाऊक घेऊन आगाऊ पैसे भरायचे मोबाइल विके. तिचा स्वतःचा एकही टॉवर नव्हता. कायद्यानं ती अपात्रच होती. पण तिनं फक्त गरिबांच्या सवलतीपुरती पात्रता मागितली, आणि २००५ मध्ये एफसीसीनं आपल्या अधिकारात ही अट तिच्यापुरती शिथिल केली. सवलतीचे पैसे ग्राहकाच्या बिलातच जायचे असल्यानं टॉवर कुणाचा यानं काय बिघडतं, असा त्यामागचा युक्तिवाद. अटीशर्तींसह पात्रता २००८ मध्ये मिळाली. परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. बेघर आणि भाड्याच्या खोल्यांत फिरणाऱ्या माणसाला प्रथमच स्वतःचा नंबर मिळाला. आणि महिन्याचं बिलच नसल्यामुळे, ग्राहक मेला, गाव सोडून गेला, फोन खणात पडला, तरी कंपनी त्याच्या नावानं पैसे घेत राहू शकत होती. २००८ मध्ये ऐंशी कोटी डॉलरच्या आसपास असलेला लाइफलाइनचा खर्च २०१२ मध्ये दोनशे कोटींपलीकडे गेला. राजकारणात त्याला ‘ओबामाफोन’ म्हणून हिणवलं गेलं. योजना रेगन यांच्या काळातली आणि मोबाइलची वाट मोकळी झाली ती बुश यांच्या काळात, हे सांगायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. २०१२ मध्ये घरटी एकच सवलत, ग्राहकांची राष्ट्रीय यादी आणि फोन वापरला नाही तर नाव कापणं, हे नियम आले. तरीही न वापरलेल्या फोनांवर अनुदान घेतल्याच्या प्रकरणात स्प्रिंट कंपनीला नोव्हेंबर २०२० मध्ये वीस कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. ही गडबड आधी ओरेगन राज्याच्या आयोगाच्या तपासात उजेडात आली होती. पात्रतेचा शिक्का राज्याच्या हाती असण्याचा एक फायदा असा की डोळे जवळचे असतात.

तेच २०२० नंतर पुन्हा दिसलं. आता खर्च भरून देण्याऐवजी उलटा लिलाव होऊ लागला होता : अमुक गावांना इंटरनेट पोचवायला सगळ्यात कमी अनुदान कोण मागतो? ग्रामीण डिजिटल संधी निधीच्या लिलावात दहा वर्षांसाठी नऊशे वीस कोटी डॉलरच्या बोली जिंकल्या गेल्या. बोली लावताना ईटीसी असणं आवश्यक नव्हतं; जिंकल्यावर १८० दिवसांत पात्रता मिळवायची होती, शिवाय बँकेचं हमीपत्र. सगळ्यात मोठी बाजी मारली एलटीडी ब्रॉडबँड या मिनेसोटातल्या छोट्याशा बिनतारी कंपनीनं, पंधरा राज्यांत मिळून एकशे बत्तीस कोटी डॉलर. आता तिला एकेका राज्याच्या आयोगापुढे उभं राहून सांगावं लागलं की एवढं फायबर तुम्ही टाकणार कसं, माणसं कुठून आणणार, उरलेला पैसा कोण देणार. सात राज्यांत तिला मुदतीत पात्रता मिळाली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये एफसीसीनं तिचा संपूर्ण अर्ज फेटाळला. त्याच दिवशी इलॉन मस्क यांच्या स्टारलिंकचा ८८ कोटी डॉलरांचा अर्जही फेटाळला गेला, पण तिथे प्रश्न वेगाचा आणि क्षमतेचा होता. लिलावाच्या संगणकाला बोलीचा आकडा तेवढा दिसतो. समोरच्या माणसाला ‘जमेल का हो तुम्हाला?’ असं विचारण्याची जागा ईटीसीच्या सुनावणीतच उरली होती.

एवढं असूनही अमेरिकी काँग्रेसचा कल हे दार टाळण्याकडे आहे. कोविडकाळात आणि त्यानंतर इंटरनेटच्या बिलासाठी दिलेल्या सवलतीत ईटीसी नसलेल्या कंपन्यांनाही भाग घेता आला, आणि २०२१च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यातल्या ४२४५ कोटी डॉलरांच्या ब्रॉडबँड योजनेतही ही पात्रता बंधनकारक ठेवली नाही. कारण सांगितलं गेलं की त्या किचकट प्रक्रियेला घाबरून चांगल्या कंपन्या येत नाहीत. ते काही अंशी खरंही आहे.

भारतानं वेगळा रस्ता घेतला. इथेही कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के रक्कम भरतात. २००२ पासूनचा हा निधी आता २०२३च्या दूरसंचार कायद्यानं ‘डिजिटल भारत निधी’ झाला आहे. पण ‘पात्र कंपनी’ असा कायमचा दर्जा आपल्याकडे नाही. प्रकल्प ठरतो, निविदा निघते, जो जिंकेल त्याला तेवढ्या टॉवरांचे पैसे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांसाठी अशीच मोबाइल योजना मंजूर केली, आणि त्या पाचांत महाराष्ट्र आहे. टॉवर मोजता येतो, हा या पद्धतीचा गुण. त्या टॉवरच्या पलीकडच्या पाड्यावर रेंज येत नसेल तर कुठल्या कंपनीला जाब विचारायचा, याचं उत्तर तिच्यात नाही.

अमेरिकेत मात्र निधीच्या मुळावरच प्रश्न उभा राहिला. वर्गणी काढली जाते ती कंपन्यांच्या आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय कॉलसारख्या दूरसंचार उत्पन्नावर, आणि ते उत्पन्न दर वर्षी आटतं आहे, कारण लोक आता इंटरनेटवरून बोलतात आणि इंटरनेटचं बिल या हिशेबात धरत नाहीत. २००० च्या सुमाराला सहा टक्क्यांच्या आसपास असलेला वर्गणीचा दर २०२५ मध्ये छत्तीस टक्क्यांच्या वर गेला. करासारखी ही रक्कम आयोगानं ठरवणं घटनाबाह्य आहे, असा दावा झाला. जुलै २०२४ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं तो ९ विरुद्ध ७ मतांनी मान्य केला. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ अशा निकालानं निधी वाचवला. न्यायमूर्ती एलिना केगन यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की काँग्रेसनं कुणाला, कशासाठी आणि किती पुरेसं, याच्या मर्यादा कायद्यात आखून दिलेल्या आहेत. आयोगाला मोकळं रान दिलेलं नाही.

ज्या शिक्क्यासाठी एकेकाळी न्यायालयात भांडणं झाली, तो आता मोठ्या कंपन्यांना नकोसा झाला आहे. पात्रता सोडण्याची सोय १९९६च्या कायद्यातच आहे : क्षेत्रात दुसरी ईटीसी असेल तर राज्यानं सोडू दिलंच पाहिजे, फक्त आधी राहिलेल्या कंपनीकडून सर्व ग्राहकांना सेवा मिळेल याची खात्री करून घ्यायची, आणि लागलीच तर तिला जाळं उभारायला वर्षभराची मुदत द्यायची. एटी अँड टीनं २०१७ पासून एकामागून एक राज्यांत ही पात्रता परत केली. ही व्हेलचीच कंपनी म्हणावी तर नाव तेच, पण २००५ मध्ये तिला विकत घेणाऱ्या, तिच्याच एका जुन्या तुकड्यानं ते धारण केलेलं. मार्च २०२३ मध्ये तिनं कॅलिफोर्नियाच्या आयोगाकडे दोन अर्ज केले. एक ईटीसीचा दर्जा सोडण्यासाठी. दुसरा, मागेल त्याला साधा फोन देण्याची राज्याच्या नियमाखालची जबाबदारी बऱ्याच भागात उतरवण्यासाठी. सुनावण्यांना डोंगराळ भागातली, वणव्यांनी होरपळलेली माणसं आली. आग लागली की आधी वीज जाते, मग मोबाइलचा टॉवर. तांब्याची तार तिच्याच विजेवर बोलत राहते, असं त्यांचं म्हणणं होतं. २० जून २०२४ रोजी आयोगानं दुसरा अर्ज फेटाळला, कारण तिची जागा घ्यायला कुणीही पुढे आलेलं नव्हतं. त्याच बैठकीत, ही शेवटची जबाबदारी नव्या काळात कुणावर आणि कुठल्या तंत्रावर टाकायची, हे नव्यानं ठरवण्यासाठी एक वेगळी नियमप्रक्रियाही सुरू करण्यात आली.